खिशात दमडी नसलेलं भूत जास्त का घाबरवतं?

कंदिलवाला :

परवा एका मित्राला हट्टाने बसवून 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' दाखवला. मी तिसऱ्यांदा बघत होतो. पाऊण तास झाला असेल, शेजारून घोरणं ऐकू यायला लागलं. संपल्यावर हलवून उठवलं तर म्हणतो, "झाली का चेटकीण दाखवून?" म्हटलं, दाखवतच नाहीत. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू चेटकीण मीच कुठेतरी लपवून ठेवली आहे.

त्या रात्री मी मात्र बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपलो. वय विचारू नये.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्यात दाखवायला काही नाही, ज्यातला कॅमेरा धावणाऱ्या माणसाच्या हातात हिंदकळतो, अर्धा वेळ पडद्यावर नुसता पाचोळा किंवा बुटांची टोकं दिसतात, त्या चित्रपटाने माझी झोप उडवावी? आणि शंभर पट पैसे ओतून संगणकावर घडवलेला राक्षस समोर डरकाळ्या फोडत असताना मी खुशाल मोबाइल चाळावा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस चित्रीकरण झालं. डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ हे दिग्दर्शक बराच वेळ नटांच्या नजरेआड. कॅमेरे तिन्ही नटांच्याच हातात, एक व्हिडिओचा, एक १६ मिमी फिल्मचा. पुढची जागा जीपीएसवर शोधायची, तिथे डब्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या उघडायच्या. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुसऱ्याला दाखवायची नाही. संवाद सुचतील तसे बोलायचे. जेवण दिवसागणिक कमी होत गेलं. रात्री दिग्दर्शकांची माणसं येऊन बाहेर आवाज करायची, तंबू हलवायची. पडद्यावरच्या त्या भांडणांमध्ये खरा वैताग किती आणि अभिनय किती, हे आता त्यांनाही सांगता येणार नाही.

माझा अंदाज असा की पैसे नसले की दिग्दर्शकाला रोज सकाळी उठून ठरवावं लागतं, आज काय दाखवायचं नाही. पैसेवाल्याला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे राक्षस तयार असतो. मग तो दाखवतो. आणि दाखवला की आपण त्याचे दात मोजायला लागतो.

शिवाय चेहरे अनोळखी. नावाजलेला नट असला की तो शेवटच्या रिळापर्यंत जिवंत राहणार हे आपल्याला मानधनावरून कळतं. इथे कोण कधी जाईल याची हमी नाही.

पटतंय का? की मी बाथरूमच्या दिव्याचं समर्थन करतोय?

(शेवट फोडणाऱ्यांनी आधी इशारा द्यावा, ही विनंती.)

मधल्या रांगेतली :

वाचनखूण साठवली. दिवा चालू ठेवणाऱ्यांच्या पंथात मीही आहे, तेव्हा निःसंकोच बोला.

'काय दाखवायचं नाही' हा मुद्दा पटला, पण त्याचं श्रेय ब्लेअर विचला देऊ नका. ही विद्या त्याहून पंचावन्न वर्षं जुनी. १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. स्टुडिओने ल्यूटनला अटी घातल्या होत्या: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी पंचाहत्तर मिनिटांच्या आत, आणि नाव आम्ही देऊ ते. म्हणजे भडक नाव हातात ठेवून सांगायचं, घे, आता यावर काहीतरी बनव. बायकोचं रूपांतर मोठ्या काळ्या मांजरात होतं अशी कथा. आता हे रूपांतर दाखवणार कसं? तर दाखवायचं नाही.

त्यातला एक प्रसंग मी किती वेळा मागे नेऊन बघितला असेल. रात्र, बागेची उंच दगडी भिंत, एक बाई घरी चालली आहे. मागून दुसरी. दोघींच्या टाचांचे आवाज, एकीचे संथ, दुसरीचे घाईचे. दिव्याखालून एक जाते, अंधारात शिरते, मग दुसरी. संगीत नाही. आणि मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. बस, एवढंच. पुढची बाई थबकते, वळून बघते, रस्ता रिकामा. ती पावलं उचलते, जवळजवळ पळते, आणि गुरगुरल्यासारखा एकदम फिस्स आवाज होऊन पडद्यात काय घुसतं तर बस. सार्वजनिक वाहतुकीची बस! ब्रेकचा आवाज. आजही त्या युक्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात.

गंमत पुढे आहे. बस थांबते आणि भिंतीवरच्या झुडपाची फांदी हलते. बसने दचकलात, हसलात, सैल झालात. आणि ती फांदी घेऊन घरी गेलात.

बाराची गाडी :

चांगला धागा. पण सूर जरा जास्तच भक्तिभावाचा लागलाय म्हणून खडा टाकतो.

आपण जे चार स्वस्त भयपट आठवतो ते तरलेले. बुडालेल्यांची नावं कुणाला माहीत आहेत? ब्लेअर विचनंतर ज्याच्या हातात कॅमेरा आला तो चार मित्रांना घेऊन जंगलात गेला. मी त्यातले कमीत कमी चाळीस बघितलेत, मला त्याचं व्यसन आहे. चाळीस मिनिटं ही मंडळी चालतात, मग कुणीतरी "तू ऐकलंस का?" म्हणतं, मग पुन्हा चालतात. राक्षस न दाखवणं ही कला असेल, पण दाखवण्यासारखं काही सुचलंच नाही म्हणून न दाखवणं हे दारिद्र्य आहे, आणि ते पैशाचं नव्हे.

दुसरं, ब्लेअर विच कॅमेऱ्याने जिंकला तितकाच बाजाराने. तिघं खरंच बेपत्ता झाली असा आव आणणारं संकेतस्थळ आधीपासून चालू होतं. १९९९ च्या जानेवारीत सनडान्स चित्रपट महोत्सवात 'हरवले आहेत' म्हणून पत्रकं वाटली. चित्रपटांच्या एका सुप्रसिद्ध संकेतस्थळावर नटांची नोंद 'बेपत्ता, मृत समजले जातात' अशी होती. वितरकाने अकरा लाख डॉलरच्या आसपास मोजून चित्रपट घेतला आणि प्रसिद्धीवर त्याच्या कितीतरी पट खर्च केला. जगभरात मिळून जवळपास पंचवीस कोटी डॉलर आले. म्हणजे 'काही हजारांत बनवलेला' हे अर्धसत्य. बनवला काही हजारांत, पोचवला कोट्यवधींत.

मित्राला झोप लागली कारण त्याला माहीत होतं की हे खोटं आहे. १९९९ साली माहीत नव्हतं.

कंदिलवाला :

@बाराची गाडी, चाळीस?! दंडवत घ्या.

पण मलाही माहीत होतं की खोटं आहे. तरी दिवा लावला. मग?

खरखर :

नाव सार्थ करतो, ध्वनीबद्दल बोलतो. लघुपटांसाठी आवाज मुद्रित करण्याची कामं करतो, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे.

वाईट चित्र प्रेक्षक माफ करतो. दाणेदार आहे, हललं, फोकस गेला, चालतं. उलट ते पुराव्यासारखं वाटतं, बँकेतल्या टेहळणी कॅमेऱ्याच्या चित्रणासारखं. वाईट आवाज मात्र तो दोन मिनिटंही सहन करत नाही. @बाराची गाडी यांच्या चाळीसातले निम्मे बहुधा तिथेच मेले असणार. आणि भीती कानातून शिरते, कारण डोळे मिटता येतात, कानांना पापण्या नाहीत.

१९७८ च्या 'हॅलोविन'बद्दल जॉन कार्पेंटरने स्वतः लिहून ठेवलंय. चित्रपट पूर्ण जुळवून झाला, फक्त संगीत आणि ध्वनिपरिणाम बाकी होते. तसाच तो एका मोठ्या स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला. त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग त्याने पियानो आणि सिंथेसायझर घेऊन स्वतःच संगीत केलं. संगीतकार परवडत नव्हता, दुसरं काय. ती मुख्य धून पाच मात्रांची आहे. लहानपणी वडिलांनी त्याला बोंगोवर पाचाचा ठेका शिकवला होता, तोच. चारच्या सवयीचा कान प्रत्येक आवर्तनात एक पायरी चुकतो. जिना उतरताना एक पायरी जास्त निघाली तर पोटात कसं होतं, तसं, आणि ते सतत.

आता घरचं उदाहरण. मध्यंतरी एका चौदा मिनिटांच्या भयपटाचं काम केलं. एक खोली, एक बाई, एक बंद कपाट. पैसे नव्हतेच. चित्रीकरणाला फ्रीज बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर सगळ्या संवादांखाली बसते. तो पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून आमच्यात एक जुनी युक्ती आहे: गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. ठेवली.

शेवटी रूम टोन घ्यायचा असतो. म्हणजे कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, रिकाम्या खोलीचा आवाज मिनिटभर मुद्रित करायचा. संकलनात सांधे बुजवायला लागतो. नऊ माणसं जागच्या जागी गोठली. हेडफोन माझ्या कानावर. तिसाव्या सेकंदाला कपाटातून टक्. लाकूड असेल, दिवसभर दिव्यांनी तापलेलं, गार होताना बोललं असेल. पण ते नऊजण, ज्यांनी ते कपाट स्वतः उचलून आणलं होतं, आत काय आहे ते ज्यांना ठाऊक होतं (दोन गाद्या आणि ट्रायपॉडची पिशवी), त्यांच्यातला एकही त्याच्याकडे बघायला तयार नव्हता. मिनिट संपल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, लिहिलेला शेवट राहू दे, हेच वापरू. वापरलं. आजवर केलेल्या कामात लोक त्या एका 'टक्'बद्दल सर्वांत जास्त विचारतात.

(अवांतर: त्या गडबडीत किल्ली विसरलो. अर्ध्या जिन्यावरून परत आलो. युक्ती काम करते.)

मधल्या रांगेतली :

कानांना पापण्या नाहीत! हे मी चोरणार.

उंबरठा :

@खरखर, कपाटाचा किस्सा वाचून आमच्या कपाटाची दारं नीट लावून आलो. धन्यवाद.

तिसरी घंटा :

इतका वेळ नुसतं वाचत होतो. नाटकात काम करतो, म्हणून नटांच्या बाजूने दोन शब्द, कारण त्यांची बाजू अशा चर्चेत नेहमी गंमत म्हणून येते.

"जेवण दिवसागणिक कमी होत गेलं," असं वर सहज लिहिलंय. वाचायला रंजक आहे. पण त्या तिघांनी स्वतःची खरी नावं पात्रांना दिली, चित्रण स्वतः केलं, संवाद स्वतः रचले. मुलगी बेपत्ता असल्याचं खरं समजून त्यातल्या नायिकेच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली. पंचवीस कोटींतला त्यांचा वाटा इतका नगण्य होता की २०२४ मध्ये, पंचवीस वर्षांनी, तिघांना जाहीर पत्र लिहून हक्काचे पैसे मागावे लागले.

'द टेक्सस चेनसॉ मॅसेकर' घ्या, १९७४. भर उन्हाळ्यात बंद घरात चित्रीकरण, खिडक्या झाकलेल्या, आत दिवे, खरी हाडं, कुजणारं मांस. मुखवटेवाल्याचं काम करणाऱ्या गनर हॅन्सनकडे पोशाख एकच. रंग उडेल या भीतीने तो महिनाभर धुतलाच नाही, जेवायला कुणी त्याच्या शेजारी बसेना. जेवणाच्या टेबलाचा तो कुप्रसिद्ध प्रसंग सव्वीस तासांच्या आसपास सलग चालला. बोट कापण्याच्या दृश्यात सुरीमागची रक्ताची नळी तुंबली, म्हणून शेवटी नायिकेचं बोट खरंच कापलं. पडद्यावर दिसतं ते तिचं रक्त आहे.

हे सगळं 'पाहा, पैसे नसताना काय जिद्द!' म्हणून सांगितलं जातं. कमी बजेट म्हणजे खर्च झालाच नाही असं नसतं. तो कुणाच्या तरी अंगावरून वसूल होतो, आणि तो कोण हे श्रेयनामावलीत वाचायला मिळतं.

मला हे चित्रपट आवडत नाहीत असं नाही. चेनसॉ मी पाच वेळा बघितलाय. पण त्यातला घाम खरा आहे म्हणूनच तो चांगला, असं म्हणताना जीभ जरा अडखळावी, एवढंच.

कंदिलवाला :

@तिसरी घंटा, अडखळली. जेवणाची ओळ मी तशीच ठेवतो, पण लिहिताना मजा वाटली होती हे कबूल.

एक विचारतो. खरा घाम नसता तरी चेनसॉ भीतिदायक झाला असता असं वाटतं का? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

तिसरी घंटा :

झाला असता. कारण त्यात रक्त किती दिसतं ते मोजून बघा. नाव ऐकून लोकांना वाटतं पडदा लाल होत असेल. दिग्दर्शक टोबी हूपरला तर कमी वयाच्या मुलांनाही पालकांसोबत बघता येईल असं प्रमाणपत्र मिळण्याची आशा होती, म्हणून त्याने जखमा दाखवायचं टाळलं. प्रमाणपत्र प्रौढांकडे झुकणारंच मिळालं. मुलीला आकड्यावर टांगण्याच्या दृश्यात आकडा शरीरात जाताना दिसत नाही. लोक शपथेवर सांगतात की त्यांनी बघितलाय.

म्हणजे त्यांनी जे 'बघितलं' ते त्यांनीच बनवलं, आणि तेही फुकट. नटाचं रक्त लागलंच नसतं.

बाराची गाडी :

@तिसरी घंटा, हा शेवटचा मुद्दा माझ्या खड्याच्या विरुद्ध जातोय, तरी मान्य.

दिग्दर्शक सॅम रेमीचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून करतो. 'द ईव्हिल डेड', १९८१. आधी एक लघुपट केला आणि तो दाखवत ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे गोळा केले. टेनेसीमधलं पडकं घर, हाडं गोठवणारी थंडी. जंगलातून झेपावत येणाऱ्या अदृश्य गोष्टीचं जे दृश्य आहे, त्यासाठी महागडं यंत्र कुठून आणणार? लाकडाच्या फळीच्या मधोमध कॅमेरा ठोकला, दोन्ही टोकं दोघांनी धरली आणि जमिनीलगत धावत सुटले. झालं भूत. मोठ्या यंत्राने तेच घेतलं असतं तर लोण्यासारखं गुळगुळीत आलं असतं आणि गुळगुळीत गोष्टीला कुणी भीत नाही.

रक्त म्हणजे मक्याचा पाक. त्याच्या आधी १९६८ ला रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मध्ये चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. चित्रपट कृष्णधवल, कोण विचारतोय रंग!

मधल्या रांगेतली :

आणि त्याच रोमेरोची दुसरी गोष्ट. चित्रपटाचं आधीचं नाव बदललं, नवी शीर्षकपट्टी लावली, आणि हक्क राखून ठेवल्याची ओळ जुन्या पट्टीबरोबर गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने ती ओळ नाही तर हक्क नाही. चित्रपट सरळ सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही छापावा. बनवणाऱ्यांचं प्रचंड नुकसान. पण तो इतका दाखवला गेला की चालणारी प्रेतं म्हटलं की आजही जगाला त्याच्याच नियमांची आठवण होते.

नायक कृष्णवर्णीय ड्युएन जोन्स. १९६८ मध्ये. रोमेरो सांगायचा की चाचणीत तोच सर्वांत चांगला ठरला म्हणून घेतला. मोठ्या स्टुडिओत एवढ्या साध्या कारणाला किती बैठका लागल्या असत्या! स्वतंत्र चित्रपटाची मला मोह घालणारी गोष्ट ही आहे. पैशाबरोबर सल्ला देणारेही येत नाहीत. (शेवट फोडत नाही, पण त्या शेवटाला कुठल्याही समितीने हो म्हटलं नसतं.)

उंबरठा :

मला 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'बद्दल लिहायचंय. हसू नका. पुढचे सगळे भाग रद्दी आहेत, पहिला नाही.

ओरेन पेली हा चित्रपट क्षेत्रातला नव्हता, संगणकाचा माणूस. २००६ मध्ये स्वतःच्याच राहत्या घरात, आठवडाभरात, पंधरा हजार डॉलरच्या आसपास खर्चून चित्रीकरण केलं. मुख्य नट दोन. रात्रीच्या दृश्यांत कॅमेरामन नाहीच, कॅमेरा तिकाटण्यावर.

आणि इथेच खरी करामत आहे. रात्रीची चौकट दर वेळी तीच. उजवीकडे पलंग, त्यावर दोघं झोपलेली. डावीकडे दार उघडं, पलीकडे अंधारी बोळकांडी. माणसं उजवीकडे, पण डावी बाजू मोकळी सोडलेली. कॅमेरा हलत नाही, कट नाही, जवळ जात नाही. कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही. मोठ्या चित्रपटात दिग्दर्शक तुमची हनुवटी धरून तुमचं तोंड वळवतो, 'इकडे बघ, आता घाबर.' इथे तुम्हाला एकट्याला सोडून दिलंय. तुम्ही दार बघता, मग चादर, मग दाराखालची फट, मग पुन्हा दार. पहारेकरी होता तुम्ही. अर्धा वेळ काहीच होत नाही आणि तोच अर्धा वेळ सर्वांत वाईट.

खाली उजव्या कोपऱ्यात वेळेचे आकडे आहेत. रात्र सरावी म्हणून ते भरभर पळत असतात. मग एका क्षणी ते आपल्या नेहमीच्या चालीने चालायला लागतात. काही घडायच्या आधी. संगीताने इशारा देत नाहीत, आकड्यांनी देतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत तुमच्या पोटाला ते कळलेलं असतं, डोक्याला अजून कळलेलं नसतं.

हे तंत्र पंधरा हजारांत बसतं. पंधरा कोटींत ते टिकलं असतं का? कुणीतरी म्हणालं असतं, एवढा वेळ कॅमेरा हलत नाही, लोक उठून जातील.

बाराची गाडी :

@उंबरठा, ते आकडे मी कधी लक्षपूर्वक बघितलेच नव्हते. आज बघतो.

पण मग 'स्किनामरिंक'चं काय? २०२२ चा. तोही पंधरा हजारांतला (कॅनडाचे डॉलर), काइल एडवर्ड बॉलने आईवडिलांच्या घरात काढलेला. त्यात तर चेहरेही नीट दिसत नाहीत. छत, दाराची चौकट, खेळण्यांचा ढीग, टीव्हीचा उजेड आणि वर मुंग्यांसारखे दाणे. निम्मे लोक म्हणतात लहानपणचं दुःस्वप्न जसंच्या तसं, निम्मे म्हणतात शंभर मिनिटं भिंत बघितली. मी दुसऱ्या गटात. तुमचा नियम तिथे का चालला नाही?

उंबरठा :

माझ्यावर चालला. मला तो पहिल्या गटासारखा लागला.

लहानपणी रात्री जाग आली आणि घरात कुणीच जागं नाही, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला त्यातलं छत ओळखीचं वाटतं. नसेल घेतला तर ते छतच आहे. पेलीच्या चौकटीत निदान दोन माणसं झोपलेली असतात, काळजी करायला कुणीतरी असतं. इथे तेही नाही, सगळं सामान प्रेक्षकाने घरून आणायचं. तुम्ही रिकाम्या हाताने गेलात, त्याला तो काय करणार.

बाराची गाडी :

म्हणजे चित्रपट आवडला नाही तर बालपण कमी पडलं. वा! असा बचाव मिळाला तर माझे चाळीसही अभिजात ठरतील.

मधल्या रांगेतली :

दोघांचंही बरोबर असू शकतं की. कुणा दिग्दर्शकाला एक कोटी माणसांना बांधून ठेवायचं असतं तेव्हा तो छत दाखवू शकत नाही. पंधरा हजारांत बनवणाऱ्याला निम्मे लोक उठून गेलेले परवडतात. तो फक्त उरलेल्यांशी बोलतो. म्हणून तर ते कानात बोलल्यासारखं वाटतं.

हर्क हार्वे आठवला. हा माणूस आयुष्यभर शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढायचा. सुरक्षितता, शिष्टाचार, असे विषय. एकदा गाडीने परतताना सॉल्ट लेक सिटीजवळ 'सॉल्टएअर' हा ओसाड पडलेला करमणुकीचा मंडप त्याला दिसला. खारट सरोवराच्या काठी तो अवाढव्य सांगाडा. डोक्यातून जाईना. सहकाऱ्याला म्हणाला, यावर लिही. तीन आठवड्यांत, तेहेतीस हजार डॉलरच्या आसपास खर्चून १९६२ चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' झाला. पांढऱ्या चेहऱ्याचं भूत स्वतः हार्वेच. संगीत म्हणजे ऑर्गन, बाकी काही नाही. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुन्हा कथापट काढला नाही त्याने, माहितीपटांकडे परतला.

मला तो चित्रपट का आवडतो सांगू? त्यात काही ठिकाणी संवाद ओठांशी जुळत नाहीत, अभिनय कुठे कुठे लाकडी आहे. पण नायिका माणसांत असूनही कुणाला दिसत-ऐकू येत नाही असा एक भाग आहे, आणि तिथे हे सगळं ओबडधोबडपण कथेच्या बाजूने उभं राहतं. जग किंचित सरकलेलं वाटतं. ठरवून असं सरकवता येत नाही.

खरखर :

ठरवून सरकवायला गेलं की लगेच कळतं. हल्ली चकचकीत कॅमेऱ्याने काढून वरून दाणे आणि ओरखडे चढवतात. आवाजात टेपची खरखर मिसळतात. माझ्याकडे अशी मागणी दर महिन्याला येते. मिसळून देतो, पोट आहे. पण ती खरखर एकसारखी असते, खरी तशी नसते.

उंबरठा :

रामसे बंधूंना कुणीच कसं आणलं नाही? सात भाऊ. कुणी लिहायचा, कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन, दोघं दिग्दर्शन. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून हा घरचा कारखाना. ते काही लपवत नाहीत, राक्षस चांगला उजेडात आणून उभा करतात, रबर दिसेपर्यंत. तरी बघतोच ना आपण?

बाराची गाडी :

बघतो, पण घाबरायला नाही. ती वेगळी माया आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

तिसरी घंटा :

रबर दिसलं की आतला माणूस दिसतो. कदाचित त्यामुळेच माया.

एक सुचवून थांबतो. जपानचा २०१७ चा 'वन कट ऑफ द डेड'. तीस लाख येन, शिनइचिरो उएदा दिग्दर्शक, अनोळखी नट, पहिली सदतीस मिनिटं एकाच सलग चित्रणाची. त्याबद्दल काहीही न वाचता बघा. पहिल्या अर्ध्या तासात 'हे काय भिकार चाललंय' असं वाटलं तरी उठू नका. मी मघाशी जे खर्चाबद्दल कुरकुरलो ना, तीच गोष्ट तो हसत हसत सांगतो.

कंदिलवाला :

सगळ्यांचे आभार. धागा भरकटला नाही याचं श्रेय तुमचं.

काल त्याच मित्राला पुन्हा बोलावलं. @उंबरठा यांच्या भरवशावर 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' लावला. @खरखर यांचं ऐकून दोघांनी हेडफोन घातले, एका यंत्राला दोन. दिवे बंद. धाग्यातलं त्याला काही सांगितलं नाही. आकड्यांचं तर मुळीच नाही.

पहिल्या रात्री म्हणाला, "दार दाखवतायत नुसतं." दुसऱ्या रात्री, "अजून दारच." मी मनात म्हटलं, गेला हाही. मग बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं झोपला. हेडफोनमुळे घोरणं ऐकू येत नव्हतं, म्हणून वळून बघितलं.

जागा होता. पुढे सरकून बसला होता आणि दाराकडे बघतच नव्हता. खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होता.

"हळू झालं," म्हणाला.